बाळाची बोटं जुळलेली असतील तर...

बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली की करोलबागेतल्या मराठी घरातही पेढे वाटले जातात. मग आजी बाळाला मांडीवर घेते, इवलीशी मूठ उलगडते आणि एखाद्या घरी तिथेच थबकते. दोन बोटं एकमेकांना चिकटलेली! दिल्ली असो वा सातारा, पुढचा प्रश्न ठरलेलाच, ''ग्रहणात विळीला हात लावला होतास का गं?'' बाळंतिणीचा चेहरा उतरतो. काहीही चूक नसताना ती मनोमन स्वतःला दोष देऊ लागते.

खरं तर गर्भाचा हात सुरुवातीला वल्ह्यासारखा चपटा असतो. सहाव्या ते आठव्या आठवड्यात बोटांमधल्या पडद्याच्या पेशी आपोआप नष्ट होतात आणि बोटं टोकाकडून मुळाकडे सुटी होत जातात. हे काम अर्धवट राहिलं की बोटं जुळलेली राहतात. वैद्यकात याला 'सिंडॅक्टिली' म्हणतात. साधारण दोन ते तीन हजार बाळांमागे एकात हा दोष आढळतो, मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक. काही घराण्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या दिसतो, तर बऱ्याचदा त्याचं कारणच सापडत नाही. २४ ऑक्टोबर १९९५चं सूर्यग्रहण उत्तर भारतात अनेकांनी पाहिलं. त्या दिवशी एखादीला सातवा महिना असेल, तर तिच्या बाळाची बोटं कशी असणार हे कित्येक आठवडे आधीच ठरून गेलं होतं. बिचाऱ्या विळीचा त्यात काय संबंध?

पायाची दुसरी-तिसरी बोटं जुळलेली असतील, तर बहुधा काहीच करावं लागत नाही. चालण्या-धावण्यात अडचण येत नाही. सोव्हिएत नेता स्टालिन याच्या डाव्या पायाची हीच दोन बोटं जुळलेली होती. झारच्या पोलिसांनी ती त्याची ओळखखूण म्हणून दप्तरात नोंदवली होती.

हाताचं मात्र तसं नाही. पकड, लिहिणं, बटण लावणं सारं बोटांवरच अवलंबून. आधी बालरोगतज्ज्ञांकडून बाळाची संपूर्ण तपासणी करून घ्यावी, कारण कधीकधी यासोबत इतरही दोष असतात. फक्त त्वचा जुळली आहे की हाडंही, हे एक्स-रेवरून कळतं. मधलं बोट आणि अनामिका जुळलेली असतील, तर शस्त्रक्रिया साधारण एक ते दीड वर्षाच्या सुमारास करतात. अंगठा-तर्जनी किंवा अनामिका-करंगळी यांची लांबी सारखी नसते. वाढताना लांब बोट वाकडं होऊ लागतं, म्हणून तिथे बहुधा वर्षाच्या आतच शस्त्रक्रिया करावी लागते.

शस्त्रक्रियेत छेद सरळ न घेता नागमोडी घेतात. सरळ व्रण आकसला तर बोट वाकतं. सुट्या झालेल्या दोन बोटांना त्वचा अपुरी पडते, म्हणून ती बहुतेकदा जांघेतून घेऊन लावतात. तीन बोटं जुळलेली असतील, तर मधल्या बोटाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी सोडवत नाहीत, नाहीतर त्याचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. मूल वाढताना बोटांमधली त्वचा पुन्हा थोडी वर सरकू शकते. म्हणून काही वर्षं तपासणीला नेत राहावं.

दिल्लीत 'एम्स', सफदरजंग, राम मनोहर लोहिया या सरकारी रुग्णालयांत प्लॅस्टिक सर्जरीचे विभाग आहेत. दोरा बांधून किंवा ब्लेडने बोटं सोडवण्याचे घरगुती प्रयोग मात्र चुकूनही करू नयेत. बोटांतून रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू जातात. त्या तुटल्या तर बोट कायमचं निकामी होऊ शकतं.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी सुनेची उलटतपासणी न घेता बाळाला घेऊन तिच्याबरोबर दवाखान्यात जावं. नुकत्याच बाळंत झालेल्या मुलीला त्या वेळी हाच आधार हवा असतो.