आधी कान, मग पान्हा
‘गाडी खडखड करतेय’ एवढंच सांगून गॅरेजात जाऊ नये. कुठून, कधी, रेस दिल्यावर की गतिरोधकावर, तेही सांगावं. परवा जळकोटात जुनी मारुती ८०० आली. मालकाच्या मते इंजिन ‘गेलं’ होतं. सोबतचा भाचा तर म्हणत होता, मामा, विकून टाका. मिस्त्रीनं लांब डिसमिस घेतला, टोक टॅपेट कव्हरवर टेकवलं, मूठ कानाशी धरली. टकटक वरूनच होती, रेसबरोबर वाढत होती. टॅपेट सैल! फीलर गेज घालून गॅप लावला, झालं. तोच ठोका खालून, जड, चढावर आला असता तर बेअरिंग, आणि मग खिसा सांभाळा. सकाळी किंचाळतो तो पट्टा; चार थेंब पाणी पडल्यावर क्षणभर गप्प झाला तर पक्कंच. तीन सिलिंडरच्या इंजिनाला थोडी थरथर असायचीच, तिला आजार म्हणू नये. आमच्या डोंगरी तालुक्यात आवाज आला की टेप मोठा करणारे मालक फार. न ऐकता पान्हे काढणाऱ्या मिस्त्रीच्या हाती मी गाडी देणार नाही. स्कॅनर आहे म्हणे त्याच्याकडं! कार्बोरेटरच्या गाडीला तो लावणार कुठं?