खिशातला चारमिनार

मराठवाड्यातल्या जुन्या घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात एखादा हाली रुपया अजूनही निघतो. कडा झिजलेल्या, चांदी काळवंडलेली, पण मधला चारमिनार ठसठशीत. हैदराबाद संस्थानाचं हे नाणं जालना, अंबड, परतूर, भोकरदनच्या बाजारात कापसापासून कडब्यापर्यंत सगळ्याचा भाव ठरवत होतं. संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला भारतात सामील झालं, तरी हाली लगेच गेला नाही. पुढची काही वर्षं तो आणि भारत सरकारचा रुपया एकाच गल्ल्यात नांदत होते.

नाण्यावर इमारत कोरायची कल्पना सहाव्या निजामाच्या, म्हणजे मीर महबूब अली खानांच्या काळातली. त्याआधीची नाणी हातानं ठोकलेली आणि फक्त अक्षरांची असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यंत्रावरची नाणी आली आणि त्यांवर चारमिनार उभा राहिला. त्याच्या कमानीत एक छोटं अक्षर आहे: महबूब अलींच्या नाण्यावर ‘मीम’, पुढे उस्मान अलींच्या नाण्यावर ‘ऐन’. राजाचा चेहरा नाही, इमारतीच्या दारात त्याच्या नावाचं आद्याक्षर तेवढं. संग्राहक आजही भिंग लावून हे ‘ऐन’ पूर्ण आहे की अर्धवट, यावर वाद घालतात. त्यावर किंमत ठरते, तेव्हा वादाला धार असणारच.

हाली आणि इंग्रजांचा कलदार यांचा हिशेब मात्र लहान पोरालाही पाठ असे. सात हाली म्हणजे सहा कलदार. यात फार मोठं गूढ नव्हतं. हाली रुपया सुमारे ११.१८ ग्रॅमचा, त्यात चांदी ८१.८ टक्के. कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी ९१.७ टक्के. गुणाकार करून पाहिला तर एकात साधारण ९.१ ग्रॅम शुद्ध चांदी निघते, दुसऱ्यात १०.७. प्रमाण जवळजवळ सातास सहाच.

आता खरी गंमत. चारमिनार निजामांनी बांधलेलाच नाही. तो १५९१ चा, कुतुबशाहीतल्या मुहम्मद कुलीचा. निजामांचं आसफजाही घराणं त्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी आलं, आणि त्याचं दख्खनमधलं बस्तान बसलं ते जालन्याच्या शेजारी: १७२४ च्या ऑक्टोबरात, आताच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला. तिथे पहिल्या निजामानं, निजाम-उल्-मुल्कानं, मुघल सुभेदार मुबारिझ खानाचा पराभव केला. पाठोपाठ, १७२५ च्या सुमारास, त्याच्याच हुकमानं काबिल खानानं कुंडलिकेच्या काठच्या जालन्यात किल्ला बांधला. तोच मस्तगड. म्हणजे नाण्यावर ज्याची पदवी मिरवायची, ‘निजाम-उल्-मुल्क आसफजाह’, त्याचा स्वतःचा किल्ला जालन्यात. आणि नाण्यावर इमारत मात्र दुसऱ्याच घराण्याची.

जालनेकरांनी यावर रुसायला हरकत नाही, पण नक्षीकाराची बाजूही ऐकावी. जेमतेम तीन सेंटिमीटरच्या वर्तुळात चारमिनार बसतो कसा, पाहा: समोरून चौकोनी, दोन्ही बाजू सारख्या, दोन मिनार डावीकडे, दोन उजवीकडे, मध्ये कमान. किल्ला असा पोजमध्ये उभा राहत नाही. तो पसरतो, डोंगरात मिसळतो, बुरुज मोजेपर्यंत कडा संपते. युरोपीय नाण्यांची सोय अशी की तिथला गढीवजा किल्ला उंच आणि आटोपशीर असतो. स्पेनमधल्या कॅस्टीलच्या राजांनी तर मध्ययुगातच तीन मनोऱ्यांचा किल्ला नाण्यावर घेतला, कारण राज्याचं नावच किल्ल्यावरून पडलेलं. जर्मनीनं २०२२ मध्ये दोन युरोच्या नाण्यावर वार्टबुर्ग आणला, मार्टिन ल्यूथरनं जिथे लपून बायबलच्या नव्या कराराचा जर्मन अनुवाद केला तो किल्ला. चेक राष्ट्रीय बँकेनं २०१६ ते २०२० या काळात किल्ल्यांची सोन्याची मालिकाच काढली.

आपल्याकडे किल्ला नाण्यावर आला तो चित्रातून नव्हे, नावातून. अलाउद्दीन खिलजीच्या सोन्याच्या टंक्यावर ‘किला देवगीर’ असं टांकसाळीचं नाव आहे. यादवांची राजधानी जिंकल्याची याहून मोठी दवंडी कुठली? पुढे मुहम्मद तुघलकानं तिचं दौलताबाद केलं आणि १३३० च्या आसपास तिथेही पितळ-तांब्याची प्रतीकनाणी पाडली. चांदीच्या टंक्याचं मोल पितळेला द्यायचं, एवढाच हुकूम. लोकांनी घरोघरी नाणी पाडायला सुरुवात केली आणि दोन-तीन वर्षांत सुलतानाला ती मागे घ्यावी लागली.

जालना जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव धातूवर कोरलं गेलं ते लढाईमुळे. सप्टेंबर १८०३ मध्ये इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सननं जालन्याचा किल्ला घेतला, आणि २३ तारखेला भोकरदनजवळ असईला वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई दिली. त्या लढाईतल्या सैनिकांना पदक मिळालं ते थेट १८५१ मध्ये, फितीवर असईची पट्टी लावून; तोवर जे जिवंत उरले त्यांनाच. याउलट श्रीरंगपट्टणच्या विजयाचं पदक बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत लवकर तयार झालं होतं. त्याच्या एका बाजूला वाघाला लोळवणारा सिंह, दुसऱ्या बाजूला किल्ल्यावरचा हल्ला. किल्ला कोरला तो जिंकणाऱ्यानं, आणि पडतानाचा.

स्वतंत्र भारताची स्मारक नाणी १९६४ च्या नेहरूंपासून सुरू झाली आणि तेव्हापासून चेहऱ्यांचीच चलती आहे. शिवाजी महाराजांचं १९९९ चं दोन रुपयांचं नाणं घ्या: त्यावर महाराज आहेत, गड नाही. इमारतींचा मान नोटांनी राखला. पाचशेवर लाल किल्ला, वीसवर वेरूळचं कैलास. टपाल खात्यानंही १९८४ मध्ये किल्ल्यांची तिकिटं काढली, त्यात सिंहगड होता. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्गासह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं. आता नाण्यांची मालिका निघावी, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

मात्र निवड विचारपूर्वक व्हावी. रायगडचा दुरून दिसतो तो सपाट माथा. नाण्यावर तो कुठल्याही डोंगरासारखा वाटेल. त्याचा नगारखाना घेतला तर काम होईल, आणि जिथे ‘श्री राजा शिव’ कोरलेली शिवराई पाडली गेली त्या गडाला ते शोभेलही. खांदेरी आणि सिंधुदुर्गाला समुद्राची आडवी रेघ मदत करेल. देवगिरी या बारांत नाही, पण नक्षीकाराला सर्वांत सोपा तोच: तासून उभा केलेला सुळका आणि बाजूला पंधराव्या शतकातला चांदमिनार. मस्तगडाचं काय करायचं, हे मात्र जालनेकरांनीच ठरवावं. आधी त्याची डागडुजी, मग नाण्याची मागणी, हा क्रम बरा.