विद्यार्थी-विनिमय : स्वागताइतकाच श्रेयांकांचा प्रश्न

युरोपीय संघाच्या ‘इरॅस्मस प्लस’ योजनेत २०२७ पासून पुन्हा सहभागी होण्याचा निर्णय ब्रिटनने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. ब्रेक्झिटनंतर बाहेर पडलेल्या ब्रिटनने २०२१ मध्ये ‘ट्युरिंग’ ही स्वतंत्र योजना आणली. तिच्यातून परदेशी जाणाऱ्यांना अर्थसाह्य मिळाले. ब्रिटनमध्ये येणाऱ्यांसाठी मात्र तरतूद नव्हती. विनिमय एकतर्फी चालत नाही, हा या अनुभवाचा धडा गोव्यानेही लक्षात घ्यावा असा आहे.

‘इरॅस्मस’ १९८७ मध्ये ११ देशांत सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षी ३,२४४ विद्यार्थी सहभागी झाले. तिचे बळ केवळ विद्यावेतनात नाही. विद्यार्थी, मूळ विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ असा त्रिपक्षीय अध्ययन-करार प्रस्थानापूर्वीच होतो. यजमान विद्यापीठ शिक्षणशुल्क घेत नाही आणि तेथे मिळवलेले श्रेयांक मूळ विद्यापीठ मान्य करते. भारतीय विद्यार्थ्यांनाही या योजनेतून अल्पकालीन विनिमयाची संधी आहे. मात्र त्यासाठी दोन विद्यापीठांत आधी करार असावा लागतो. पोर्तुगीज पारपत्र असलेल्या गोमंतकीय विद्यार्थ्याचा व्हिसाचा प्रश्न सुटतो. परंतु विनिमयातील जागा पारपत्रावर नव्हे, अशा करारावरच मिळते.

आपल्याकडे कागदोपत्री वाट मोकळी झाली आहे. २०२१ मध्ये ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ आली. मे २०२२ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार जोड-अभ्यासक्रमात ३० टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशी संस्थेत मिळवता येतात. अडचण उरते ती हिशेबाची. युरोपात वर्षाला ६० श्रेयांक, तर भारताच्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात ४०. तेथे एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे अध्ययन धरले जाते, येथे ३० तासांचे. तेथील सत्राचे ३० श्रेयांक येथे किती धरायचे, हे आधी लेखी ठरले नसेल तर परतलेल्या विद्यार्थ्याला विभागाचे उंबरठे झिजवावे लागतात. राहिलेले पेपर देण्यात वर्षही जाऊ शकते.

दुसरा प्रश्न पैशाचा. शिक्षणशुल्क माफ झाले, तरी विमानप्रवास, विमा आणि निवास यांचा खर्च उरतोच. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी सप्टेंबर २०२४ पासून दरमहा ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो, बंदिस्त खात्यात ठेवावे लागतात. शिष्यवृत्ती नसेल तर सहा महिन्यांसाठीही ही रक्कम सहा हजार युरोंच्या घरात जाते. अशा वेळी संधी गुणवत्तेपेक्षा पालकांच्या ऐपतीवर ठरते.

तिसरा मुद्दा यजमानपदाचा. शुल्कमाफी परस्परतेवर उभी असते. येणारे नसतील तर जाणाऱ्यांच्या जागाही आटतात. गोव्याकडे देण्यासारखे पुष्कळ आहे. पणजीतील पुराभिलेखागारात पोर्तुगीजकालीन दफ्तरे आहेत, दोनापावल येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तर ताळगाव पठारावरील विद्यापीठात कोकणी, मराठी आणि पोर्तुगीज या भाषांचा अभ्यास चालतो. याला वसतिगृहातील राखीव खोल्या आणि आधी जाहीर होणारे वेळापत्रक यांची जोड हवी.

सामंजस्य करारांवर स्वाक्षऱ्या होतात, छायाचित्रे प्रसिद्ध होतात. मात्र श्रेयांकांचे रूपांतर-कोष्टक, गरजूंसाठी प्रवास-साह्य आणि पाहुण्या विद्यार्थ्यांची निवासव्यवस्था या तीन गोष्टी करारातच नमूद झाल्या, तरच त्यांचा लाभ सामान्य घरातील विद्यार्थ्यापर्यंत पोहोचेल.