सर्दीच्या गोळीचे अर्थकारण

महाड तालुक्यात सावित्री नदीच्या काठी वसलेले सव हे गाव ऊन पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. कातडीचे विकार आणि सांधेदुखी यांवर उतारा मिळेल या आशेने माणसे तेथे येऊन त्या पाण्यात बसतात. त्या पाण्याने रोग किती हटतो हा वादाचा विषय होऊ शकेल. परंतु आपण कशात उतरतो आहोत हे उतरणाऱ्याला दिसत असते. त्याच माणसाला भरपावसात पडसे झाले, नाक चोंदले, खोकल्याने रात्रीची झोप उडाली, की तो दुकानातून ‘सर्दीची गोळी’ किंवा ‘खोकल्याची बाटली’ आणतो. तिच्यात काय आहे हे मात्र त्याला ठाऊक नसते, आणि ते त्याला ठाऊक व्हावे अशी व्यवस्थाही कोणी केलेली नाही. मिश्र औषधांच्या सुरक्षित वापराचा प्रश्न येथून सुरू होतो.

सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत तीन द्रव्ये असतात: ताप व अंगदुखी यांसाठी पॅरासिटामॉल, शिंका व वाहते नाक यांसाठी क्लोरफेनिरामीनसारखे वावड्यावरचे द्रव्य, आणि चोंदलेले नाक मोकळे करण्यासाठी फेनिलेफ्रिन. काहींत कॅफीनही घातलेले असते. खोकल्याच्या अनेक बाटल्यांत तर कफ सुटा करणारे द्रव्य आणि खोकला दाबणारे द्रव्य एकत्र नांदते. म्हणजे एकाने कफ वर आणावयाचा आणि दुसऱ्याने त्याची वाट अडवावयाची! यांपैकी काहीही सर्दी बरी करीत नाही. सर्दी विषाणूंमुळे होते आणि आठवडा-दहा दिवसांत बहुधा आपण होऊन जाते. औषधाने मिळतो तो तात्पुरता आराम. त्यातही पोटात घेतलेले फेनिलेफ्रिन नेहमीच्या मात्रेत नाक मोकळे करीत नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने दिला.

आराम तात्पुरता असला तरी अपाय तात्पुरता असेलच असे नाही. सर्दीच्या गोळीबरोबर तापाची गोळी वेगळी घेणाऱ्यास आपण पॅरासिटामॉल दोनदा घेत आहोत याची कल्पना नसते. प्रौढाने दिवसाकाठी चार ग्रॅमपलीकडे हे द्रव्य घेतले तर यकृताला धोका पोहोचतो. मद्यपान करणाऱ्यास किंवा उपाशी माणसास तो अधिक. क्लोरफेनिरामीनने झापड येते. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यांच्या रात्रपाळीला उभा राहणारा कामगार आणि पोलादपूर सोडून कशेडी घाट चढणारा ट्रकचालक यांना गोळी देताना ‘ही घेऊन यंत्रावर किंवा गाडीवर बसू नका’ असे किती दुकानदार सांगतात? नाक मोकळे करणाऱ्या द्रव्याने रक्तदाब वाढू शकतो. वावड्यावरच्या जुन्या द्रव्यांनी म्हाताऱ्या माणसाची लघवी तुंबते, काचबिंदू असलेल्यास त्रास होतो. ही द्रव्ये सुटी घेतली असती तर नको ते वगळता आले असते. मिश्रणात निवडीची सोयच उरत नाही. पाचांपैकी एक द्रव्य हवे असलेल्या रोग्याला उरलेली चार गिळावीच लागतात.

मग ही मिश्रणे इतकी का खपतात? उत्तर वैद्यकशास्त्रापेक्षा अर्थशास्त्रात सापडते. पॅरासिटामॉलची साधी गोळी सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि तिला कमाल किमतीची मर्यादा आहे. तिच्यात दोन द्रव्ये मिसळून नवे नाव दिले की ते त्या यादीबाहेरचे औषध होते. मालाचा खर्च पैशांत वाढतो, किंमत रुपयांत वाढते, आणि ग्राहकापाशी तुलना करावयाला माप उरत नाही. ज्या बाजारात विकत घेणाऱ्याला वस्तूची पारख करता येत नाही, त्या बाजारात स्पर्धा गुणांची न राहता नावांची आणि जाहिरातींची होते.

हे कोणाला कळले नव्हते असे नाही. जयसुखलाल हाथी समितीने १९७५ साली ११७ अत्यावश्यक औषधांची यादी दिली आणि व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करून औषधे मूळ नावाने विकावीत अशी शिफारस केली. पुढे पाच औषधांपुरता तसा प्रयत्न झाला. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि तो बारगळला. शेजारच्या बांगलादेशाने १९८२ साली सुमारे १,७०० निरुपयोगी वा घातक औषधांवर एका फटक्यात कुऱ्हाड चालवली. महाराष्ट्रात लोकविज्ञान संघटनेसारख्या चळवळी निरर्थक मिश्रणांविरुद्ध गेली चाळीस वर्षे बोलत आल्या. केंद्र सरकारने मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयातून तज्ज्ञांकडे फिरून सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणे बंद झाली. परवाना देताना न विचारलेला प्रश्न लाखो बाटल्या खपल्यानंतर विचारावयाचा, ही आपली रीत झाली आहे.

या रीतीची किंमत मुलांनी मोजली. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामीन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असे बजावले आणि तसा इशारा वेष्टनावर छापण्यास सांगितले. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांनी नागपूरच्या रुग्णालयांत प्राण सोडला. त्यांना दिलेल्या ‘कोल्ड्रिफ’ या बाटलीत हीच दोन द्रव्ये आणि पॅरासिटामॉल होते, आणि मुले बहुतांशी पाच वर्षांच्या आतील होती. मृत्यू घडला तो मात्र चौथ्या, न छापलेल्या द्रव्याने. तमिळनाडूच्या तपासणीत त्या बाटलीत ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. औषधात त्याचे प्रमाण ०.१ टक्क्यापलीकडे जाता कामा नये. हे औद्योगिक द्रव्य मूत्रपिंड निकामी करते.

महाराष्ट्राला हे नाव नवे नाही. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरिनने १४ रुग्णांचा बळी घेतला होता. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची साखळी कशी सडली होती हे जगापुढे मांडले. त्यानंतर चाळीस वर्षे लोटली, आणि कच्च्या मालाचे प्रत्येक पिंप वापरापूर्वी तपासले जाईल एवढी साधी हमीही देशाला मिळालेली नाही.

खेड्यांच्या बाबतीत तर कायद्यानेच दार किलकिले ठेवले. १९४५ च्या औषध नियमांच्या ‘के’ परिशिष्टाने एक हजारापर्यंत लोकवस्तीच्या गावात खोकल्याची साधी सिरपे परवान्यावाचून ‘घरगुती औषधे’ म्हणून विकण्याची मुभा दिली. डॉक्टर दूर असलेल्या वस्तीची सोय हा त्यामागील हेतू. पण पोलादपूरच्या डोंगरातील वाडीवर जेथे डॉक्टर नाही, तेथे औषधनिर्माताही नाही आणि निरीक्षकाचे पाऊल तर क्वचितच पडते. तेथे बाटली येते ती किराणा मालाबरोबर, नाही तर गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीतून. वेष्टनावरचा मजकूर बारीक टाइपातला आणि इंग्रजी. माप म्हणून हाताशी येतो तो स्वयंपाकघरातला चमचा. बालकांच्या पॅरासिटामॉलच्या एका बाटलीत पाच मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम, दुसरीत २५० आणि थेंबांच्या बाटलीत एकाच मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असते, हे त्या आईला कोणी सांगावयाचे? छिंदवाड्यानंतर या सवलतीतून सिरप वगळण्याचा प्रस्ताव पुढे आला हे बरे झाले. पण सवलत काढून घेताना डॉक्टर आणि औषध वाडीपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी सरकार घेणार नसेल, तर चोरटी विक्री तेवढी वाढेल.

तोवर घरोघरी काही पथ्ये पाळावीच लागतील. दोन वर्षांखालील मुलाला खोकला-सर्दीचे औषध देऊ नये आणि पाच वर्षांखालीही सहसा देऊ नये, असे केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. मोठ्या माणसाने लक्षण एक असेल तर एकाच द्रव्याचे औषध मागावे, दोन वेष्टनांवरची नावे ताडून पाहावीत, दारूबरोबर झापडीचे औषध घेऊ नये, आणि एकाची उरलेली बाटली दुसऱ्याला पाजू नये. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, वर्षावरील मुलाला चमचाभर मध, चोंदलेल्या नाकात सलाइनचे थेंब यांनी बराच आराम पडतो. वाफ घ्यावयाची ती मोठ्यांनी. मुले तिने भाजतात. धाप लागली, मूल पिईनासे झाले, लघवी कमी झाली किंवा ताप तीन दिवस हटला नाही, तर बाटली बाजूला ठेवून रुग्णालय गाठावे. दोन आठवडे टिकलेल्या खोकल्याला सिरप नव्हे, थुंकीची तपासणी हवी, कारण तो क्षय असू शकतो.

परंतु एवढे सांगून सारी जबाबदारी रोग्याच्या गळ्यात घालणे म्हणजे लूटमारीच्या रस्त्यावर वाटसरूला सावध राहण्याचा उपदेश करण्यासारखे आहे. औषध मूळ नावाने विकले जावे; वेष्टनावर मराठीत, ठळक अक्षरांत घटक, मात्रा आणि इशारा असावा; मापाचे टोपण प्रत्येक बाटलीबरोबर सक्तीचे करावे; शास्त्रीय आधार नसलेल्या मिश्रणांचे परवाने रद्द व्हावेत; निरीक्षकांची रिकामी पदे भरावीत आणि तपासणीचे निकाल जनतेपुढे ठेवावेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधे, एकेरी औषध बारमाही आणि मोफत मिळाले, तर दुकानातल्या रंगीत बाटलीचे आकर्षण निम्म्याने ओसरेल.

यातील एकही मागणी क्रांतिकारक नाही. बहुतेकींना हाथी समितीइतकेच वय झाले आहे. ज्या महाडमध्ये १९२७ साली माणसांनी सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्याचा आपला हक्क बजावला, त्या तालुक्यातील माणसाला आपल्या मुलाच्या चमच्यात काय आहे हे जाणण्याचा हक्क मागावा लागतो, ही लाजेची गोष्ट आहे. तो हक्क नफ्याच्या हिशेबातून मिळणार नाही. ग्रामसभांनी, कामगार संघटनांनी आणि महिला मंडळांनी तो मागितला पाहिजे, आणि पुढची बाटली विषारी ठरण्याची वाट न पाहता मागितला पाहिजे.