नाईकांचे शहर, प्रशासकांची पालिका
गणेश नाईक यांच्याविना नवी मुंबईचे राजकारण सांगता येत नाही. शिवसेनेचे आमदार, 1995 च्या युती सरकारात मंत्री, 1999 मध्ये राष्ट्रवादीत, 2019 मध्ये भाजपमध्ये आणि डिसेंबर 2024 पासून राज्याचे वनमंत्री. पक्ष बदलले, पण शहरावरची पकड फारशी ढळली नाही. 1995 मध्ये पहिले महापौरपद त्यांचे पुत्र संजीव यांच्याकडे गेले आणि घराणेशाहीचा आक्षेप तेव्हापासून चिकटला. तो आम्हाला रास्त वाटतो. 2024 मध्ये वडील भाजपकडून ऐरोलीत आणि दुसरे पुत्र संदीप शरद पवारांच्या पक्षाकडून बेलापुरात उभे होते. संदीप 377 मतांनी हरले. अशा वेळी नाईकांच्या कार्यकर्त्याने निष्ठा कुणाशी ठेवायची?

त्यांच्या काळातली कामे मात्र नाकारता येणार नाहीत. मोरबे धरण पालिकेच्या मालकीचे झाले, म्हणून शेजारची शहरे टँकरची वाट पाहत असताना इथल्या नळाला पाणी असते. आज चर्चा आहे ती ठाण्यातल्या त्यांच्या जनता दरबाराची आणि एकनाथ शिंदे यांच्याशी चाललेल्या चढाओढीची. तिच्यापेक्षा गंभीर गोष्ट वेगळी आहे. मे 2020 मध्ये पालिकेची मुदत संपल्यावर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. वॉर्डात दाद मागायला नगरसेवक नव्हता. निवडणूक लांबत असताना शहरातल्या सर्वांत वजनदार नेत्याने त्यासाठी सरकारला किती धारेवर धरले, याचा जाब नाईकांनी द्यायला हवा.