सानपाड्याचा धडा आणि मुक्ताईची ताटी

२६ जुलै २००८ या दिवशी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले आणि पन्नासहून अधिक निरपराध नागरिकांचा बळी गेला. स्फोटांच्या काही मिनिटे आधी इंडियन मुजाहिदीन या दहशतवादी संघटनेचा ई-मेल वृत्तवाहिन्यांकडे पोहोचला होता. त्याचा माग काढीत तपास यंत्रणा नवी मुंबईत सानपाड्याच्या एका सदनिकेत गेल्या. तेथे राहणाऱ्या अमेरिकन गृहस्थांचा दोष एवढाच, की त्यांच्या वाय-फायला कुलूप नव्हते. नंतरच्या दोन ई-मेलसाठीही मुंबईतील अशाच उघड्या जोडण्या वापरल्या गेल्या. पुढे २००९ साली दूरसंचार विभागाला वाय-फाय सुरक्षित ठेवण्याविषयी निर्देश काढावे लागले.

ही महानगराची गोष्ट झाली, मुक्ताईनगरात असे कोण येणार, असे म्हणून चालणार नाही. आज तालुक्याच्या गावीही तार ओढून घरोघर इंटरनेट येते. जोडणी करणारा तरुण भिंतीवर राउटर ठोकतो, परवलीचा शब्द म्हणून घरमालकाचाच मोबाईल क्रमांक टाकतो आणि निघून जातो. तो क्रमांक गल्लीत कोणाला ठाऊक नसतो? वास्तविक काम अर्ध्या तासाचे आहे. वाय-फायचा शब्द लांब व अनोळखी असावा, सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ असावा, जोडणीच्या नावात आडनाव नसावे. पाहुण्यांसाठी वेगळी जोडणी काढता येते. राउटरच्या व्यवस्थापनाचा परवलीचा शब्द निराळा असतो, तो कारखान्यातून येतो तसाच बहुतेक घरांत राहतो. आधी तो बदलावा. तो मुलाच्या हाती लागला तर बाकीचे सारे बंदोबस्त व्यर्थ आहेत.

कारण खरी चिंता गल्लीतल्या माणसापेक्षा घरातल्या बालकाची आहे. राउटरवर प्रत्येक उपकरणाला वेळेची मर्यादा घालता येते. डीएनएसच्या जागी १.१.१.३ हा पत्ता घातल्यास पुष्कळशी अश्लील संकेतस्थळे उघडतच नाहीत. मोबाईलवर गुगलचे फॅमिली लिंक बसविता येते. मात्र मुलाने वाय-फाय बंद करून मोबाईलचा डेटा सुरू केला, की राउटरचा पहारा संपला. २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद केली आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली. पण कायदा मुलाच्या खोलीत येऊन बसत नाही.

ज्ञानदेव रुसून ताटी लावून बसले, तेव्हा धाकट्या मुक्ताईने ती मोडली नाही. तिने आर्जव केले, समजावले, आणि दार आतून उघडले. तिच्याच नावाच्या या गावात मुलाचा मोबाईल चोरून तपासणारे आईबाप असावेत, हे आम्हाला रुचत नाही. निर्बंध जरूर घालावेत, पण मुलाला सांगून, कारण देऊन. त्याला कोणी धमकावले वा भलतेच छायाचित्र मागितले, तर मारापूर्वी आधार मिळेल ही खात्री त्याला हवी. फसवणूक झाल्यास १९३० आणि बालकांसाठी १०९८ हे क्रमांक घरातील फळ्यावर लिहून ठेवावेत.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली सायंकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास दूरदर्शन संच व मोबाईल बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. तो नियम मुलांपुरता नव्हता. वडील स्वतः जेवताना मोबाईल चाळीत असतील, तर राउटरला कितीही कुलपे घाला, मूल ऐकणार नाही. आपल्या कुटुंबांत दिवेलागणीची वेळ अजून पाळली जाते. शुभंकरोती ते भोजन एवढा काळ राउटरचे बटण बंद ठेवायला कोणते तंत्रज्ञान लागते?

शाखेतील अभियांत्रिकी शिकणाऱ्या तरुणांना एक सुचवावेसे वाटते. येत्या रविवारी आपल्या वस्तीतील दहा घरी जावे आणि राउटरचे शब्द बदलून द्यावेत. नवा शब्द मात्र घरच्या मोठ्यांनीच टंकावा, आपण तोंड फिरवून उभे राहावे.