एका पॉइंटवरचा संसार

मुंबईच्या बीडीडी चाळींतील 160 चौरस फुटांच्या खोल्या 1920च्या दशकात बांधल्या गेल्या, तेव्हा विजेचा आजचा वापर कोणाच्या स्वप्नातही नव्हता. तशाच कितीतरी खोल्यांत आजही एकाच पॉइंटवर सारा संसार चालतो. आग लागली की ‘रहिवाशांचा निष्काळजीपणा’ हे उत्तर ठरलेले!

हिशेब साधा आहे. 230 व्होल्टवर 6 अँपिअरचा पॉइंट सुमारे 1380 वॉट पेलतो. पंखा, दिवा, टीव्ही त्यात सहज सामावतात. पाणी तापवण्याचा 1500 वॉटचा रॉड एकटाच ती मर्यादा ओलांडतो. त्याला 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट व जाड वायरच हवी. बोर्डाला बोर्ड जोडू नये. वायर अंथरुणाखालून नेऊ नये, वेटोळे करून ठेवू नये, उष्णता कोंडते. अर्थिंगची तिसरी पिन मोडणे तर जिवाशी खेळ.

परंतु हा उपदेश करणाऱ्यांनी दुसरा पॉइंट कोण देणार, हेही सांगावे. भिंतीला खिळा ठोकू न देणारा घरमालक तो आपखुशीने देणार नाही. कार्यकर्त्यांनी परवानाधारक वायरमन सोबत घेऊन खोल्यांची पाहणी करावी आणि भाडेकरूंच्या सह्यांचे मागणीपत्र घेऊन मालकाच्या दारी जावे. पावसाळ्यापूर्वीच जावे, ओल्या भिंती वाट पाहत नाहीत.